आबांची ड्यूटी आणि विलायतेच्या सिरियली

वाळूज, औरंगाबाद
रविवार, ७ फेब्रुवारी २०१६

चि. योगिनी,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. खंडेराया तुमची राखण करो.

तुझा निरोप शेजारच्या मालनबाईच्या मोबाईलवर आला. तिनं आपल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणजे अर्ध्या गल्लीला कळला. तुझ्या लेकानं, अंगदनं एवढा टीव्ही घेऊन दिला, त्यात अमेरिकेच्या सिरियली भरून दिल्या, आणि आई, तू त्या सोडून मी पाठवलेल्या विलायतेच्याच का लावतेस, माझं मन राखतेस का, असं तू विचारलंस. मन राखायला नाही गं. घर शांत राहावं म्हणून.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी फोन कानाला लावला की तुझे आबा समोर येऊन उभे राहतात. "कुणाशी बोलतीस? घरातलं कुणाला सांगतीस?" जन्मभर कंपनीच्या गेटवर वॉचमनकी केलेला माणूस, त्यात आता डोकं असं झालेलं. म्हणून पत्र. हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं फाडली आहेत. विलायतेचं टपाल महाग पडतं, तेव्हा दोन्ही बाजूंनी बारीक लिहिते. डोळे फाडून वाच.

घाटी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, त्यांना एका जागी बसवून ठेवा, मन कशात तरी गुंतवा. आधी मी आपल्या मराठी मालिका लावत होते. त्यात एक सून सासूच्या दुधात पूड टाकते, ढाण ढाण वाजतं आणि तिचं तोंड तीन तीनदा दाखवतात. यांनी ते पाहिलं आणि माझ्या हातचं दूध सोडलं. मग चहा सोडला. मग भाकरीचा पहिला तुकडा मला खायला लावायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी मनात म्हटलं, यांना जे कळतं तेच घातक आहे. जे कळत नाही ते लावावं. इंग्रजी.

पहिली अंगदची अमेरिकेची लावली. त्यात सगळे देखणे, सगळ्यांचे दात एकसारखे, स्वयंपाकघर आपल्या सगळ्या घराएवढं, आणि तरी सगळे ओरडत. बोलताना श्वास घेत नाहीत. दार कुणी वाजवत नाही, लाथ मारूनच आत येतात. बंदूक तर काडेपेटीसारखी ज्याच्या त्याच्या खिशात. बरं, भाग संपतो कुठं? एकानं दुसऱ्याच्या डोक्याला बंदूक लावली, तिथंच. पुढचं पुढच्या वेळी. तू-मी उठून भांडी घासायला लागू. पण ज्याला सिरियल कुठं संपते आणि घर कुठं सुरू होतं हेच कळत नाही त्यानं काय करावं? हे काठी घेऊन दाराला उभे राहिले. "आत एक जण बंदूक घेऊन हाय. त्याचा निकाल लागल्याबिगर ड्यूटी सुटत नाय." बसले नाहीत, जेवले नाहीत, मला मोरीत जाऊ देईनात.

मग तुझी लावली. समुद्राकाठचं गाव, आभाळ दाटलेलं, एक बाई स्वेटर घालून चालत चाललीय, कितीतरी वेळ नुसती चालतेय. हे खाली बसले. काठी मांडीवर घेतली. थोड्या वेळानं खाली ठेवली.

एवढंच कारण आहे बघ.

संक्रांतीच्या फोटोत माझ्या हाताला फडकं दिसलं म्हणालीस. कढईतलं तेल उडालं होतं. हळद लावली, बरं आहे.

तुझी आई


वाळूज
रविवार, २८ फेब्रुवारी २०१६

चि. योगिनी, आशीर्वाद.

तेल उडालं तर फोड येतो, सूज मनगटाच्या वर कशी येईल, असं विचारतेस. तू नर्स झालीस ती लोकांसाठी. आईला तपासू नकोस.

सिरियलींचं मात्र तुला सविस्तर सांगते, कारण दुपारी आता मालनबाईही येऊन बसते. तिला एक अक्षर कळत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथं सारखा पाऊस पडतो ना, तर ही म्हणते, "अगं बया, एवढं पाणी फुकट चाललं! पन्हाळीखाली एक ड्रम लावा म्हणावं त्यांना." इथं नाथसागर धरणात गाळ दिसायला लागलाय आणि आमच्या गुंठेवारीच्या वस्तीत नळ कधी आलाच नाही. समोर सात मजल्यांच्या बिल्डिंगी उठल्या, त्यांनी बोअर घेतले, आमचे आटले. परवा तिनं विचारलं, "इतक्या गार गावात राहून बी हे लोक एकमेकाला मारतात कशापायी?" मी म्हटलं, गार असल्यामुळं हळू मारतात. ती एवढी हसली की तुझे आबासुद्धा हसले. किती दिवसांनी.

ती तपास करणारी इन्स्पेक्टर बाई मला आवडते. मालनबाईच्या वयाची असेल, डोळ्यांखाली काळं, पुढचा दात वाकडा, आणि रोज तोच एक कोट. काटकसरी दिसते. दिवसभर खुनाचा तपास करते आणि घरी येऊन बेसिनमधले कप विसळते. अमेरिकेची इन्स्पेक्टर उंच टाचांवर चोरामागं पळते. मला तिच्या पायांचीच काळजी लागते, गोष्टीकडं लक्ष राहत नाही.

आणि तुझ्या लोकांना गप्प बसता येतं. एकानं विचारलं की दुसरा खिडकीकडं बघतो, चहाचा घोट घेतो, मग बोलतो. तेवढ्यात मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून काढते. पाचोडच्या शाळेत मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झाले होते, तेवढ्यावर भागतं. अमेरिकेवाले इतकं भरभर बोलतात की 'अँड' वाचेपर्यंत दोन माणसं मरतात.

सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या गोष्टी संपतात. चार-सहा भाग झाले की कोणी केलं ते कळतं, इन्स्पेक्टर बाई त्याला गाडीत बसवते, गाडी जाते. हे उठतात, काठी कोपऱ्याला लावतात, "सुटली ड्यूटी" म्हणतात आणि ताटावर येऊन बसतात. अमेरिकेवाल्यांनी जर कधी गोष्ट संपवली असती तर मी त्यांचंही बघितलं असतं.

एक गंमत. मी पाण्याला निघाले की हे आता पास मागतात. पासाशिवाय बाहेर गेलेल्याला आत घेता येत नाही म्हणे. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा घेतला आणि लिहिलं, 'पाणी आणणे. जाणे-येणे.' त्यांनी चष्मा लावून वाचला आणि खाली सही केली. सही अजून तशीच आहे, शेपटी काढलेली. माझी सही मला कुणी मागत नाही, आणि पाण्याला जायला यांची लागते, म्हणून मी हसले. मालनबाई म्हणाली, "बरंय बाई, तुझा नवरा तुला साहेबासारखी सही देतो. माझा तर अंगठा बी देत नाय."

रस्त्यावरची माणसं दाखवतात तेव्हा मी मागच्या गर्दीत बघत असते. वेडेपणा आहे. तू कुठं तिथं दिसणार.

तुझी आई


वाळूज
रविवार, २७ मार्च २०१६

चि. योगिनी, आशीर्वाद.

होळीला अंगद पुण्याहून आला होता. जे झालं ते तो तुला त्याच्या बाजूनं सांगेल, म्हणून मी आधी लिहिते.

पुरणपोळी खाऊन तो टीव्हीसमोर बसला आणि म्हणाला, "आई, हे काय म्हाताऱ्यासारखं लावलंस? माणसं दहा मिनिटं नुसती चालतात. आबांना बोअर होत असंल." मी म्हटलं, राहू दे. तर म्हणतो, "योगिनीनं पाठवलं म्हणून तुला गोड लागतं. मी पाठवलेलं कडू." असं बोलल्यावर आईनं काय करावं? त्याची लाव म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर यांनी अंगदची कॉलर धरलेली, त्याला भिंतीला दाबलेला. "कोणत्या डिपार्टमेंटचा? पास काढ! पास काढ!" अंगद ओरडतोय, "आबा, मी हाय! आबा!" शर्टाची बटणं तुटून पडली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून येते गं? मी टीव्हीचं बटण दाबलं तेव्हा कुठं हात सुटला. मग त्याच्याकडं बघून म्हणाले, "अंगद, कधी आलास? शर्ट कसा फाटला?"

अंगद मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होता. बाहेर आला तो ठरवूनच. पैठण रस्त्याला अशा माणसांसाठी एक आश्रम आहे, तिथं ठेवायचं. मला पुण्याला न्यायचं. घर-प्लॉट काढायचा, बिल्डर मागं लागलेच आहेत. मग त्यानं मला समोर बसवून विचारलं, "आई, खरं सांग. तुझ्या अंगावर कधी आलेत का?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही. तू ती मेली सिरियल लावलीस म्हणून झालं."

"शप्पथ?"

"देवाची शपथ उठसूट खाऊ नये," असं म्हणून मी उठले.

योगिनी, आश्रमाच्या गेटवर वॉचमन असतो. हे आत आणि वॉचमन दुसराच. पहिल्याच दिवशी काय होईल ते मला दिसतं. तिथं यांच्या हातापायाला बांधतील. म्हणून मी नाही म्हटलं. अंगद परत विचारायला येणार आहे. पुढच्या वेळी माझ्या अंगावर काही दिसलं तर तो यांना त्याच दिवशी घेऊन जाईल.

तू पाठवलेल्यात एक गोष्ट आहे, ती मी आता लावत नाही. त्यात एक म्हातारी आहे, बारीक अंगाची, लांब बाह्यांचा स्वेटर घालून भांडी घासते. बाही ओली होते पण वर सारत नाही. इन्स्पेक्टर बाई चहा पीत बसलेली असते, तिचं लक्ष त्या बाहीकडं जातं. काही बोलत नाही. ढाण ढाण काही वाजत नाही. नळ तेवढा गळत असतो. मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस चालूच नव्हता.

अमेरिकेच्या गोष्टीत भीती दार तोडून आत येते. विलायतेच्या गोष्टीत ती आधीच स्वयंपाकघरात बसलेली असते. अमेरिकेत ती म्हातारी असती तर कुणीतरी धावत येऊन गोळी घातली असती आणि ती सुटली असती. तुझ्या विलायतेत तिला सोडवायला कोणी येत नाही. शेवटी तिलाच तोंड उघडावं लागतं. म्हणून मला ती खरी वाटते, आणि म्हणून मी ती लावत नाही.

अंगदला यातलं काही कळवू नकोस.

तुझी आई


वाळूज
रविवार, २४ एप्रिल २०१६

चि. योगिनी, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हाताचं तू बरोबर ओळखलंस. काठी होती.

संक्रांतीच्या आधी मी मागच्या दारानं धुणं घेऊन आत आले. यांना वाटलं चोर शिरला. मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. त्यांनी मला मारलं नाही, योगिनी, चोराला मारलं. मग मलाच हळद लावून देत होते आणि विचारत होते, "कुणी मारलं तुला? नाव सांग." मी काय नाव सांगणार?

त्यानंतर आणखी दोनदा झालं. ते कुठं लागलं ते लिहीत नाही. लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं आहे. या उन्हाळ्यात मालनबाई म्हणाली, "काय गं, नवरी व्हायलीस का?" मी म्हटलं, ऊन लागतं.

आता काठी मी लपवत नाही. एकदा लपवली तर खलबत्त्यातला बत्ता घेऊन दाराला बसले. काठी बरी.

पण सध्या वेगळंच सुरू झालं आहे. टँकर कोपऱ्यावर येतो, गल्लीत वळत नाही. मी पास घेऊन जाते, हंडा-कळशी भरून येते, तोवर पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कडी. पास खिडकीतून दाखवला तर म्हणतात, "हा आमच्या माणसाचा पास हाय. तुमी कोण? कुणाकडं आलात?"

आता बघ. गेटवर कोणी आलं की ज्याच्याकडं आलं त्याचं नाव सांगावं लागतं, ते बरोबर विचारतात. पण मी त्यांचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आपल्या इथल्या सातारा गावच्या खंडोबाला तळी उचलताना सगळे देवाचं नाव पुकारतात, तेव्हासुद्धा मी तोंडातल्या तोंडात 'खंडेराया' म्हणते, कारण देवाचं आणि यांचं नाव एकच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं माझ्या आईनं सांगितलेलं. आणि आता तर आयुष्याशिवाय त्यांच्याजवळ राहिलंय काय?

मी म्हटलं, "साहेबांकडं."

"कोणते साहेब?"

"अंगदच्या वडलांकडं."

"अंगद शाळेत गेलाय. दुपारून या."

डोक्यावर हंडा, पायाखाली तापलेली फरशी. मी म्हटलं, "योगिनीच्या आबांकडं."

आत काठी आपटली. मग म्हणाले, "योगिनी इथं राहत नाय. तिचं नाव घेऊन कुणाला आत सोडायचं नाय, असा हुकूम हाय."

मला लिहायचं नव्हतं हे. पण तू विचारतेस ना, आबांना मी आठवते का? तुझं लग्न, त्यापायी तुला बंद केलेलं दार, सात वर्षं, सगळं पुसलं गेलं. हुकूम आपणच दिला तेही पुसलं गेलं. हुकूम राहिला.

शेवटी मालनबाई भिंतीवरून ओरडली, "ओ मल्हारीभाऊ! उघडा की! बायको हाय तुमची, उन्हात करपून चालली!" नाव ऐकल्याबरोबर कडी निघाली. तेव्हापासून रोज तिलाच हाक मारायला लावते. तिला मजा वाटते. मला खिडकीच्या गजातून त्यांचे डोळे दिसतात. कडी निघेपर्यंत ते माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघत असतात.

तू येते म्हणतेस. येऊ नकोस. दारातून परत जावं लागलं तर तुला सोसणार नाही.

तुझी आई


वाळूज
रविवार, १५ मे २०१६

चि. योगिनी,

आशीर्वाद राहिले, आधी हे वाच.

मालनबाई पुतण्याच्या लग्नाला गावी गेली आहे. गुरुवारी टँकर भर दुपारी आला. पास घेतला, यांनी सही केली, "लवकर ये, ऊन लई हाय," असंही म्हणाले. मी भरून आले तर कडी. शेजारी भिंतीवरून बोलणारं कोणी नाही. समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांनी काचा लावलेल्या.

"कुणाकडं आलात?"

मी साहेब म्हणून पाहिलं. काका म्हणून पाहिलं. पाणी खाली ठेवलं, सांडलं थोडं. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मग मनात खंडेरायाला म्हटलं, तुझंच नाव आहे, पाप लागलं तर तुझं तू बघ. आणि म्हणाले, "मल्हारीकडं."

"कोणता मल्हारी?"

"मल्हारी कचरू. पाचोडचे."

सासऱ्यांचंही नाव घेतलं मी. काही उरलं नाही.

कडी निघाली नाही. ते खिडकीशी आले आणि एकदम मवाळ आवाजात म्हणाले, "व्हय, इथंच राहतो तो. पण त्याची बायको घरी नाय बाई, पाण्याला गेलीय. ती आल्याबिगर परक्या बाईला आत घेता येत नाय. लोक काय म्हणतील? बसा तिथं सावलीला. येईलच ती."

मी बसले. काय करणार होते? माझीच वाट बघत माझ्याच ओट्यावर बसले.

थोड्या वेळानं दार उघडलं. बाहेर आले, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात. पायात चप्पल नव्हती. म्हणाले, "लई येळ झाला तिला. उन्हानं चक्कर येऊन पडंल कुठं तरी. बाई, तुमी जरा गेट बघा, मी तिला बघून येतो." आणि काठी माझ्या हातात दिली.

मी हात धरला. "अहो, मीच ती. माझ्याकडं बघा ना."

त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही. "मस्करी करू नका बाई. लई गुणाची हाय ती."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. माझ्या तोंडावर असं कधी म्हणाले नव्हते. गुरुवारीही माझ्या तोंडावर म्हणाले नाहीत.

ते निघाले ते नगर रोडकडं. मी मागं. वळून पाहिलं की चिडायचे, "गेट सोडून आलात? माघारी व्हा!" म्हणून अंतर ठेवून चालले. ज्याला त्याला विचारत होते, "माझी बायको बघितली का? हिरवं पातळ, नाकात मोरणी." मोरणी मी अंगदच्या वेळी काढून ठेवली. तशी बाई कुणाला दिसणार? पोरं हसत होती. रस्ता आला. कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ, बस, ट्रेलर, मोटारसायकली. मला वाटलं काठाला थांबतील. ते सरळ मधोमध गेले आणि गेटवर गाडी अडवायचे तसा हात वर करून उभे राहिले.

तेव्हा मी भर रस्त्यात त्यांच्या नावानं ओरडले. मल्हारी, मल्हारी, किती वेळा ते सांगता येणार नाही. त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचं लक्ष समोरून येणाऱ्या गाडीवर होतं. टँकर होता. ब्रेकचा आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर टँकर तिरपा, पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलेलं, आणि आपला टँकरवाला कडुबा खाली उतरून त्यांना धरून उभा. तो थरथरत होता. हे नाही. हे त्याला म्हणत होते, "पास दाखवा. आन माझी बायको बघितली का ते सांगा."

कडुबानं आम्हा दोघांना वर बसवून घरी आणलं. "काकू, अशा माणसाला एकटं नाय ठेवायचं हो," म्हणाला. मी एकटं नव्हतं ठेवलं. मी होते. तेच तर त्याला सांगता येईना.

कुलूप उघडल्यावर ते परत दारात आडवे उभे राहिले. मी म्हटलं, "ती मागच्या दारानं आली असेल. मी आत जाऊन बघते." तेवढं पटलं त्यांना. आत गेले, तोंडावर पाणी मारलं, डोक्यावरून पदर घेतला, तांब्या भरला आणि बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "कुठं होतीस गं? जीव टांगणीला लागला." पाणी प्याले. मग म्हणाले, "तुझ्याकडं एक बाई आलीय. उन्हात बसलीय केव्हाची. तिला बी पाणी दे."

मी भांडं घेऊन ओट्यावर गेले. तिथं कोणी असणार नाही हे ठाऊक असून मी बघितलं. रिकामा ओटा, वाळत चाललेलं सांडलेलं पाणी. योगिनी, काठीची भीती मला कळते, ती हातावर घेता येते. त्या ओट्याकडं बघताना जी भीती वाटली ती आतून आली. उद्या ती बाई त्यांना आवडली नाही तर? उद्या मी परत आलेच नाही असं त्यांनी ठरवलं तर? पाणी मीच पिऊन टाकलं.

मग त्यांच्यासमोरच अंगदला फोन लावला. लगेच विचारलं, "कुणाशी बोलतीस? घरातलं कुणाला सांगतीस?" मी म्हटलं, "आपल्या लेकाला सांगतेय. मला भीती वाटते ते सांगतेय." आणि सगळं सांगितलं, काठी, हात, पोलकं, रस्ता. हे ऐकत बसले होते. मध्येच म्हणाले, "भिऊ नको. मी हाय ना गेटवर." अंगदनं शेवटपर्यंत ऐकलं. मग रडला. तो परवा येतोय, तोवर कडुबाची बायको दिवसभर माझ्याजवळ थांबणार आहे.

आश्रमाला मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. अंगदला सांगितलं, योगिनी येऊन बघेल, ती अशा माणसांत काम करते, ती म्हणेल ते मी ऐकेन. बांधून ठेवतील अशा जागी ठेव म्हणालीस तर ऐकणार नाही. पण तू तसं म्हणणार नाहीस.

तेव्हा ये. मागच्या पत्रात नको म्हटलं होतं ते खोडलं. तिकिटाचा विचार करू नकोस, माझ्या पोस्टातल्या पैशातून मी अर्धे देते. जावईबापूंना सुट्टी असेल तर त्यांनाही आण, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

हे दारात काठी घेऊन उभे असतील. तुला विचारतील, कुणाकडं आलात. आईकडं आले म्हण. ते हुकूम सांगतील, सांगू दे. तू मागं वळू नकोस. मी त्यांच्या पाठीमागंच असेन. दार मी उघडीन.

तुझी आई